बर्फाच्या कारखान्याची मोटार आणि प्लास्टिकचा कागद

मुरुडच्या पावाला एके काळी व्हार्निशचा वास यायचा. त्यात बेकरीवाल्या यूसुफचाचांचा काही दोष नव्हता, दोष माझा होता. त्या काळातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांची माफी आधीच मागून ठेवतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. रस्त्यावर धावतात त्या मोटारी नव्हेत; पाण्याचे पंप, भाताच्या गिरण्या, बर्फाचे कारखाने ज्यांच्यावर चालतात त्या विजेच्या मोटारी. गावात मी ‘येथे मोटार वाइंडिंग करून मिळेल’ अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ टायर पंक्चर झालाय म्हणून आले होते. दुसरे एक बागायतदार आले ते खरोखरच विजेची मोटार घेऊन. ती कुरकुरते म्हणून त्यांनी तिला आठ दिवस खोबरेल तेल पाजलं होतं. मोटार उघडली तेव्हा दुकानात लाडू वळायला घेतल्यासारखा वास सुटला. ‘काहीच केलं नव्हतं हो, आपोआप जळली,’ असं ते शेवटपर्यंत म्हणत होते. पुढे तीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. आपोआप न जळलेली एकही मोटार माझ्याकडे कधी आली नाही.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. मोटारीत लोखंडाचं एक कडं असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला खाचा असतात. त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची. वीज तारेतून फिरली पाहिजे, पण तार लोखंडाला लागता कामा नये आणि शेजारच्या वेढ्यालाही लागता कामा नये. लागली की संपलं. म्हणून मध्ये काहीतरी आडोसा घालायचा. शाळेच्या पुस्तकात त्याला विद्युतरोधक म्हणतात, बाजारात इन्सुलेशन म्हणतात, आम्ही सरळ कागद म्हणायचो. मोटारीचं आयुष्य तांब्यावर नसतं, या कागदावर असतं. तांबं सहसा मरत नाही, कागद मरतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मी मुंबईच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात लागलो. तिथे शिकलो तो कागद म्हणजे लेदरॉइड, जाड पुठ्ठ्यासारखा करडा. त्यावर तेलाने पिवळं केलेलं कापड, तारेवर सुताचं वेष्टण, वेटोळ्यांवर सुती पट्टी, खाच बंद करायला बांबूची पाचर, आणि शेवटी सगळं काळ्या व्हार्निशात बुडवून भट्टीत भाजायचं. म्हणजे बघा, कागद, सूत, तेल, बांबू. विजेचं आधुनिक यंत्र म्हणून ज्याची पूजा व्हायची त्याच्या पोटात सगळा वाण्याच्या आणि कापडाच्या दुकानातला माल. गिरणीत तो टिकायचा. मुरुडात टिकेना. कारण सूत आणि कागद हवेतलं पाणी पितात, आणि आमच्या हवेत पाण्याबरोबर मीठही असतं. पावसाळ्यानंतर उघडलेल्या मोटारीत मी बोटाने मिठाची पूड काढलेली आहे.

गिरणी सोडून मी गावी आलो, कारण साठ सालाच्या पुढेमागे आमच्याकडे वीज आली आणि तिच्यामागोमाग मोटारी आल्या. दुकानात आम्ही दोघं, मी आणि माझी बायको सुशीला. पट्टी गुंडाळण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आता लिहितोय. तेव्हा म्हणालो नव्हतो.

भट्टी माझ्याकडे नव्हती. यूसुफचाचांकडे होती. सकाळचा पाव निघाला की भट्टीत जी ऊब राहायची तिच्यात माझी मोटार भाजायला जायची. ऊब बरोबर आहे की नाही हे चाचा चिमूटभर पीठ आत टाकून सांगायचे. पीठ लगेच काळं झालं तर थांब, हळूहळू बदामी झालं तर ढकल आत. गिरणीतल्या थर्मामीटरने मला कधी इतकं अचूक सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गावाला कळायचं की काल कुणाची तरी मोटार भरली. चहात पाव बुडवला की कळायचं.

अशा त्या दिवसांत आमच्याकडे सबनीस आले.

सबनीस हे मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका व्यापाऱ्याचे फिरते विक्रेते. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, बोलताना दर दोन वाक्यांनी घसा खाकरणारे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे, तिथून एस.टी.ने आमच्याकडे. लाँच त्यांना सोसायची नाही. दुकानात शिरायचे ते पिवळे पडूनच, आणि सुशीला आधी त्यांना आल्याचा तुकडा द्यायची आणि मग बसायला सांगायची. त्यांच्या पिशवीत नमुने असायचे. पहिल्या खेपेला त्यांनी प्लास्टिकच्या रंगीत नळ्या आणल्या, जोड झाकायच्या. मी त्या एका पंपाच्या मोटारीत घातल्या आणि मोटार यूसुफचाचांकडे भाजायला दिली. नळ्या मेणबत्तीसारख्या वितळून खाली ओघळल्या. सबनीस पुढच्या खेपेला आले तेव्हा मी तो गोळा जपून ठेवला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की ह्या नळ्या भट्टीत घालायच्या नसतात, पत्रकात तसं लिहिलंय. पत्रक इंग्रजीत होतं आणि त्यावर सुशीलाने दुकानातला डिंक ठेवला होता.

दुसऱ्या वेळी त्यांनी पॉलिएस्टरची फिल्म आणली. पातळ, पारदर्शक, हातात घेतली की खुळखुळ वाजणारी. म्हणाले, तुमच्या लेदरॉइडच्या निम्म्याहून पातळ आहे आणि त्याहून जास्त सोसते. पाणी पीत नाही. मला ते पटेना. माझ्या पैशाच्या नाण्याएवढ्या जाड कागदाचं काम हा बिस्किटाच्या पुड्यावरचा कागद करणार, असं मी म्हणालो.

सबनीस म्हणाले, “जनार्दनराव, हवी तशी परीक्षा घ्या. मी पुढच्या महिन्यात येतो.”

मी परीक्षा घेतली. तुकडा समुद्राच्या पाण्यात घालून दिवसभर उकळला. दुसरा खाडीच्या चिखलात महिनाभर पुरून ठेवला. तिसरा चपलेखाली घालून त्यावर नाचलो. चौथा शेजारच्या शेळीपुढे टाकला, तिने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. चिखलातला काढून धुतला तर पुन्हा तसाच खुळखुळू लागला. लेदरॉइडचा तुकडा सोबत पुरला होता, तो सापडलाच नाही. सबनीस आल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं की शेळी खात नाही. त्यांनी फिल्मचं एक भेंडोळं आणि सुताऐवजी नुसता पातळ लेप असलेल्या नव्या इनॅमलच्या तारेची दोन रिळं ‘राहू द्या’ म्हणून ठेवली आणि जाताना एक गोष्ट बजावली. जुन्या तारेवरचं सूत पेटती काडी धरली की जळून जातं, फडक्याने पुसलं की झालं. ह्या तारेवरचा लेप चिवट आहे. जोड देताना पात्याने खरवडावाच लागतो.

वीस वर्षं जोड देणाऱ्या माणसाला सुताच्या रिळाएवढा गृहस्थ जोड शिकवतोय, याचा मला राग आला. मी हसून मान हलवली. राग आला की मी हसतो, अजूनही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि पापलेटाचा हंगाम जोरात सुरू झाला. कोळीवाड्याजवळ हमीदशेटचा बर्फाचा कारखाना होता. आधी तो डिझेल इंजिनावर चालायचा. वीज आल्यावर हमीदशेटनी पंधरा हॉर्सपॉवरची मोटार घेतली आणि इंजिन विकून टाकलं. शांत चालते म्हणून त्यांना तिचं कोण कौतुक. आल्यागेल्याला मोटारीजवळ नेऊन म्हणायचे, ऐका, काही ऐकू येतं का? एका सकाळी खरोखरच काही ऐकू येईना. मोटार जळली होती.

बर्फ नाही म्हणजे होड्यांतून उतरलेला मासा मुंबईला जाणार नाही. मग तो खारवायचा, सुकवायचा, नाहीतर फेकायचा. आणि पापलेट सुकवायला कुणी समुद्रात जात नाही.

मोटार बैलगाडीतून दुकानात आली, तिच्यामागे हमीदशेट आणि त्यांच्यामागे जानकीबाय. जानकीबाय म्हणजे आमच्या बाजारातल्या कोळणींची पुढारी. निवडून कुणी दिलं नव्हतं, पण तिने बोलायला सुरुवात केली की बाकीच्या थांबायच्या. मी तिला समजावू लागलो की सगळा कागद जळलाय, नवा भरावा लागेल, तार काढावी लागेल.

ती म्हणाली, “जनूदादा, कागद नि तार मना नको सांगू. बरफ कवा मिलंल त्ये सांग.”

मी तीन दिवस म्हणालो. ते दोघं गेल्यावर माळ्यावरून लेदरॉइड काढला. पावसाळ्यात त्याला बुरशी धरली होती, हाताने तुटत होता. सुती वेष्टणाची तारही पुरणार नव्हती. मुंबईहून मागवायचं तर चार दिवस तिथेच जातील. सुशीलाने सबनिसांचं भेंडोळं आणून समोर ठेवलं.

तीन दिवस आम्ही जेवणाला उठलो तेवढेच. फिल्म निसरडी, वेटोळं खाचेत घातलं की कागद मागच्या बाजूने बाहेर. सुशीलाने कागदाची दोन्ही टोकं दुमडून त्याला कॉलर करायची युक्ती काढली, मग तो बसला. ही युक्ती कंपन्याही वापरतात, हे मला पुढे कळलं. सगळ्यात शेवटी जोड. मी नेहमीप्रमाणे काडी धरली, फडक्याने पुसलं, पीळ दिला, कथील लावलं. एका जोडाशी सुशीला थांबली. नवा लेपही तांब्याच्याच रंगाचा असतो, त्यामुळे तार उघडी झाली की नाही ते डोळ्यांना कळत नाही.

“हे फारच चकाकतंय,” ती म्हणाली. “उघडं तांबं इतकं चकाकत नाही. पात्याने खरवडता का?”

बाहेर हमीदशेटचा माणूस गाडी घेऊन उभा होता. बेकरीची भट्टी निवत चालली होती. मी म्हणालो, गुंडाळ पट्टी. तिने गुंडाळली.

मोटार चालू झाली. हमीदशेटनी मिठाई वाटली, जानकीबायने एक पापलेट घरी पाठवलं. नवव्या दिवशी, जवळपास सगळ्याच होड्या भरून आल्या त्या दिवशी, दुपारी मोटार जळली.

मी धावत गेलो. कारखान्यात धूर कोंडला होता. बाहेर टोपल्याच टोपल्या. जानकीबाय त्यांच्यामध्ये बसली होती आणि काही बोलत नव्हती. ती बोलत नाही हे मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. हमीदशेटनी विचारलं, जनार्दन, काय झालं. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मोटार मी अजून उघडलीही नव्हती. आणि मी म्हणालो, “हा मुंबईचा प्लास्टिकचा कागद. मी आधीच सांगत होतो.”

आधी मी काहीच सांगितलं नव्हतं, शेळी सोडून.

माझं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं. प्लास्टिक म्हणजे खेळण्यांचं आणि कंगव्यांचं, ते मोटारीत कसं टिकणार, असं लोकच एकमेकांना सांगू लागले. त्या दिवसाचा बराचसा मासा वाया गेला. उरलेला जो खारवला तो कोळणींनी पुढे महिनाभर विकला.

दुसऱ्या दिवशी मी मोटार उघडली. एक भाग काळा ठिक्कर झाला होता. कागद तिथे करपला होता, पण फाटला कुठेच नव्हता, एकाही खाचेत तार लोखंडाला लागली नव्हती. दुसऱ्या भागात तर तो नवा असल्यासारखा होता. मग मी जोडांवरच्या पट्ट्या सोडवल्या. सुशीला ज्या जोडाशी थांबली होती तो हातात घेतला, तर कथील टोपीसारखं निघून आलं. आत तारेवरचा लेप तसाच. नऊ दिवस तो जोड कसाबसा टेकून राहिला, तापत गेला आणि सुटला. एक वाट बंद झाल्यावर सगळा भार बाकीच्यांवर पडला आणि मोटार जळली. कागदाने शेवटपर्यंत आपलं काम केलं होतं. माझं राहिलं होतं.

सुशीला माझ्या मागे उभी होती. मी तो जोड मुठीत घेतला, बंदरावर जाऊन समुद्रात टाकला आणि परत येऊन कामाला लागलो. तिने विचारलं, हमीदशेटना काय सांगणार? मी म्हणालो, सांगितलंय तेच. तिने एवढंच केलं की त्या दिवसापासून वेटोळ्यांची पट्टी ती गुंडाळायची, पण जोडाची वेळ आली की उठून चूल बघायला जायची. चुलीवर काही नसलं तरी.

पंधरा दिवसांनी सबनीस आले. एस.टी.तून उतरून बाजारातून चालत येत असताना जानकीबायने त्यांना गाठलं. तिचं न बोलणं संपलं होतं. सगळ्या बाजारासमोर तिने त्यांना विचारलं की कुठल्या जन्माचं वैर काढलंस, लोकांच्या तोंडचा घास जाळायला कागद विकतोस काय. सबनीस घसा खाकरत उभे राहिले. दुकानात आले तेव्हा लाँच लागल्यापेक्षाही जास्त पिवळे होते. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं की तुमचा माल काही चालला नाही. त्यांनी वाद घातला नाही. कोपऱ्यात जळक्या कागदाचा नि तारेचा ढीग होता, त्यापाशी उकिडवे बसले, चष्मा काढून एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि परत ठेवला. सुशीलाने चहा दिला तो प्यायले, येतो म्हणाले आणि गेले.

पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

मोटार मी जुन्या पद्धतीने भरली होती, मुंबईहून मागवलेल्या नव्याकोऱ्या लेदरॉइडने आणि सुताने. सगळे जोड नीट होते. तिने एक पावसाळा काढला आणि ओल धरून हंगाम सुरू व्हायच्या आत पुन्हा जळली. या वेळी खरोखरच आपोआप. हमीदशेट म्हणाले, निदान या वेळी प्लास्टिक नव्हतं. त्यांच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता, पण मला रात्रंदिवस तेच ऐकू येऊ लागलं.

मी सबनिसांच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं, फिल्म हवी आहे म्हणून. एक नवा माणूस आला, तरुण, चटपटीत, लाँचने अजिबात पिवळा न पडलेला. मी सबनिसांची चौकशी केली. तो म्हणाला, तुमच्या मुरुडातूनच, बर्फाच्या कारखान्यातून तक्रार आली होती ना, मालकांनी त्यांना फिरतीवरून काढून गोदामात बसवलं. सुशीला आल्याचा तुकडा घेऊन आली होती. ती तो तसाच घेऊन आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि तिने माझे इस्त्रीचे कपडे खाटेवर काढून ठेवले. मुंबईला जायला मी हेच कपडे घालायचो.

दुसऱ्या दिवशी मी लोहार चाळीत होतो. गोदाम तळघरात, एका पिवळ्या बल्बखाली. सबनीस मोठ्या कात्रीने कागदाचे ताव कापत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि सुशीलाची चौकशी केली. रेवसपासून मी सबंध वाक्य पाठ करत आलो होतो, त्यातलं अर्धंच बोललो. ते म्हणाले, “ठाऊक आहे मला.”

मी विचारलं, कसं?

“तुमच्या ढिगात कागद शाबूत होता. मग राहिले जोड. सहा असतात, पाच सापडले.” ते खाकरले. “सहावा तुम्ही टाकला नसता तर कदाचित मला कळलंही नसतं.”

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत? त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, बाजारात सगळ्यांसमोर मला दोष देऊन झाला होता, त्यानंतर मी काय म्हणालो असतो आणि ते कुणी मानलं असतं? मालकांना मात्र सांगितलं होतं. मालक म्हणाले, गिऱ्हाईक कशाला खोटं बोलेल.

“आणि जनार्दनराव, तुमचं गावात नाव आहे. तुम्हाला तिथेच राहायचंय. मी आपला एस.टी.तून उतरणारा माणूस.”

त्यांनी मला बोल लावले असते तर मी हसलो असतो, कारण राग आला असता. पण ते असं म्हणाले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागदाच्या धुळीचं आहे असं मी सांगितलं. धुळीचा त्रास होतो खरा, असं तेही म्हणाले.

परत आलो तो घरी न जाता थेट बर्फाच्या कारखान्यावर गेलो. हमीदशेट नमाज पढून आले होते. जानकीबायही तिथेच होती, मोटार कधी भरणार ते विचारायला. मी दोघांनाही सांगितलं. जोड मी दिला, खरवडला नाही, बायकोने सांगितलेलं ऐकलं नाही, मोटार उघडायच्या आधीच कागदावर ढकललं, आणि नंतर कळूनही गप्प बसलो.

हमीदशेटनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “मोटार जळली त्याची मला फिकीर नाही, जनार्दन. मशीनच आहे, जळायचीच. पण सालभर तू माझ्या तोंडून एका शरीफ माणसाला शिव्या घालून घेतल्यास. त्या मी आता परत कशा घेऊ?”

जानकीबायने टोपली डोक्यावरून खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

“त्या चष्मेवाल्याला मी धा मानसांत बोलले,” ती म्हणाली. “त्यो एक सबूद बोलला न्हाय. तवाच मना वाटलं व्हतं, खोटारडा मानूस इतका गप कसा ऱ्हाईल.” मग हमीदशेटकडे वळून म्हणाली, “शेट, कागद काढा. लिवा.”

पत्र कारखान्याच्या टेबलावर लिहिलं गेलं. मजकूर हमीदशेटनी सांगितला आणि अक्षर माझं होतं. स्वतःच्या हाताने स्वतःची चूक लिहिणं हे शाळेत शुद्धलेखनाच्या वहीनंतर मी पहिल्यांदाच केलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की माल चांगला होता, मोटार कारागिराच्या चुकीने जळली, आणि श्री. सबनीस यांना या भागात पुन्हा पाठवावं, दुसरा माणूस चालणार नाही. खाली हमीदशेटची सही, माझी सही आणि जानकीबायचा अंगठा. अंगठा तिने इतका दाबून लावला की मागच्या बाजूला उमटला.

गावात बातमी पसरायला पोस्टाइतकाही वेळ लागला नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, ती अलिबागला जाऊ लागली. यूसुफचाचा मात्र म्हणाले, बरं झालं, तेवढाच पावाला आराम. काही दिवस मी बाजारातून जाताना कुणी ना कुणी विचारायचंच, जनूभाऊ, आज काय खरवडलं? मी हसायचो. राग यायचा हे उघड आहे.

सबनीस आले तेव्हा आम्ही मोटार भरायला त्यांच्यासाठी थांबलो होतो. जानकीबाय एस.टी.च्या थांब्यावर उभी होती. तिने माफी मागितली नाही, ते तिच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्या हातातली नमुन्यांची पिशवी काढून घेतली, स्वतःच्या टोपलीत ठेवली आणि ती टोपली डोक्यावर घेऊन बाजारातून सगळ्यांच्या देखत त्यांच्यापुढे चालत दुकानापर्यंत आली. पुढचे आठ दिवस त्या नमुन्यांना माशांचा वास येत होता आणि सबनीस तो इतर गिऱ्हाइकांना समजावत फिरत होते.

मोटार फिल्मवर भरली. खाचेत कागद सुशीलाने घातला, तिच्या कॉलरीसकट. सबनिसांनी ती कॉलर बघितली आणि वहीत तिचं चित्र काढून घेतलं. जोडाची वेळ आली तेव्हा मी पातं घेतलं आणि तार लालसर, मंद दिसेपर्यंत खरवडली. सुशीला चुलीकडे गेली नाही. तिने पट्टी हातात घेतली आणि जोड पुढे यायची वाट बघत बसली. ती मोटार मी दुकान बंद करेपर्यंत पुन्हा भरावी लागली नाही. पुढे हमीदशेटच्या मुलाने मोठी मोटार घेतली तेव्हा ही चालू स्थितीत विकली.

सबनीस त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे येत राहिले. फिल्मनंतर काचेच्या धाग्यांची पट्टी आणली, मग हवेतच सुकणारं व्हार्निश आणलं आणि मुरुडचा पाव सुटला. प्रत्येक खेपेला दुकानात आल्यावर, आल्याचा तुकडा चघळत, ते आधी चष्मा काढायचे आणि बाकावर जी मोटार असेल तिचे जोड एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. कधी एखाद्यापाशी थांबायचे, घसा खाकरायचे आणि पातं माझ्या हातात द्यायचे. मी खरवडलेलाच जोड पुन्हा खरवडायचो. दहापैकी नऊ वेळा तो आधीच नीट असायचा.